चार्जरच्या मापावरही सरकारी शिक्का हवा

पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. ते माप पंपावर ठेवलेलं असतं, त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, आणि संशय आला तर ग्राहकाने "मापून दाखवा" म्हटल्यावर पंपवाल्याला नाही म्हणता येत नाही. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची चूक चालते, म्हणजे अर्धा टक्का. हा अधिकार रोज कोणी वापरत नाही. पण तो आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं आणि त्यामुळे बराचसा व्यवहार सरळ होतो.

इलेक्ट्रिक गाडी घेऊन हायवेवरच्या फास्ट चार्जरपाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात असं काय आहे? गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं टोक, गाडीला लावायची, अ‍ॅपवर युनिटचा आकडा चढताना पाहायचा आणि शेवटी जो आकडा येईल त्याचे पैसे वॉलेटमधून वळते होऊ द्यायचे. तो आकडा खरा की खोटा हे तपासायला त्याच्याकडे माप नाही आणि मागायचं कुणाकडे हेही त्याला माहीत नाही. माझं म्हणणं असं आहे की सार्वजनिक चार्जर हे व्यापारी मापनयंत्र आहे, आणि पेट्रोलच्या पंपाला, टॅक्सीच्या मीटरला किंवा किराणा दुकानातल्या काट्याला जी शिस्त लागू होते ती त्यालाही लागू झाली पाहिजे. हे काम चार्जर कमी आहेत तोवरच करायला हवं, कारण लाखभर यंत्रं बसल्यावर ती उघडून दुरुस्त करणं महाग पडतं आणि मग सवलतींचे खेळ सुरू होतात.

आधी पैशांचं पाहू. समजा एखादा टॅक्सीवाला दिवसाला ४० युनिट भरतो आणि दर २० रुपये आहे. रोजचे ८०० रुपये झाले. मीटर ३ टक्के पुढे पळत असेल तर रोज २४ रुपये जास्त गेले. गाडी वर्षात ३०० दिवस चालली तर ७,२०० रुपये. घरी चार्जिंग करून महिन्यातून एखाद्या वेळी गावाला जाणाऱ्या कुटुंबाला ही गळती जाणवणारही नाही, म्हणूनच तक्रार होत नाही. ज्यांचं पोट गाडीवर आहे, म्हणजे टॅक्सीवाले, मालवाहू तीनचाकीवाले, घरपोच सामान देणारी मुलं, त्यांना ती जाणवते. आणि या लोकांकडे घरी चार्जिंगची सोय क्वचितच असते. चाळीत, वस्तीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पार्किंगमध्ये स्वतःचं मीटर कोण लावून देणार? सार्वजनिक चार्जरच्या मापाची सगळ्यात जास्त झळ त्यांनाच लागते.

आता कायद्याकडे वळू. १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एक स्पष्टीकरण दिलं. बॅटरी चार्ज करताना विजेचं रासायनिक ऊर्जेत रूपांतर होतं, त्यामुळे चार्जिंग ही वीजविक्री नाही, ती सेवा आहे, आणि त्यासाठी वीज कायदा २००३ खाली परवाना लागत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. निर्णय योग्य होता. तो झाला नसता तर हॉटेलवाल्याला, मॉलवाल्याला, पंपवाल्याला दोन चार्जर लावण्यासाठी वीज वितरणाचा परवाना मागत फिरावं लागलं असतं आणि आज दिसतात तेवढे चार्जरही दिसले नसते.

पण या निर्णयाची एक दुसरी बाजू कोणी फारशी बोलून दाखवत नाही. वीज कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे परवानाधारकाने योग्य मीटर लावल्याशिवाय वीजपुरवठा करायचा नसतो. ते मीटर कसं असावं हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांत लिहिलं आहे. ६५० व्होल्टपर्यंतच्या ग्राहकाचं मीटर अचूकतेच्या वर्ग १ चं, म्हणजे साधारण एक टक्क्याच्या आत चूक असणारं, किंवा त्याहून चांगलं हवं. महावितरणने तुमच्या घरात लावलेलं मीटर याच नियमाखाली येतं, आणि चार्जिंग स्टेशनच्या फाटकाशी लावलेलंही. या साखळीचा शेवट मात्र त्या फाटकाशीच होतो. आत चार्जरच्या पोटात बसलेलं मीटर, ज्याच्या आकड्यावर तुमचं बिल निघतं, ते चालकाचं, म्हणजे चार्जिंग स्टेशन चालवणाऱ्याचं, स्वतःचं. चालक परवानाधारक नाही, म्हणून कलम ५५ त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग दुसरा कायदा आठवावा लागतो. वैधमापन अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे, आणि त्याची व्याप्ती मोठी आहे. व्यवहारात वापरलेलं कोणतंही वजन किंवा माप त्यात येतं. यंत्राच्या नमुन्याला मंजुरी, मग पडताळणी, मुद्रांकन आणि ठरावीक मुदतीनंतर फेरपडताळणी असा सगळा रस्ता त्यात आखलेला आहे. नव्या कायद्याची गरज नाही. गरज आहे ती चार्जरसाठी लिहिलेल्या नेमक्या तपशिलाची. २०११ च्या सर्वसाधारण नियमांत पेट्रोल पंपाचं, पाण्याच्या मीटरचं, टॅक्सीच्या मीटरचं, अगदी ताप पाहायच्या थर्मामीटरचंही वर्णन आणि त्यांच्या चुकीच्या मर्यादा दिल्या होत्या. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर त्यात नव्हता आणि तेव्हा तो असण्याचं कारणही नव्हतं. नेमका तपशील नसेल तर निरीक्षकाने तपासायचं काय आणि शिक्का मारायचा कशावर?

इथे एक गोष्ट मला खटकते, ती सांगतो. चार्जिंग ही सेवा ठरल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. कर कसा लागेल हे आधीच सांगणाऱ्या कर्नाटकातल्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. म्हणजे अ‍ॅपवर दिसणाऱ्या त्या आकड्यावर सरकार कर घेतं. ज्या आकड्यावर कर घ्यायचा, त्याच्या खरेपणाची जबाबदारी सरकारने टाळू नये.

आता या विषयातल्या सगळ्यात महत्त्वाच्या भागाकडे येऊ. मोजायचं कुठे? चुकीची टक्केवारी किती असावी यावर चर्चा पुष्कळ होते, पण माझ्या मते मोजण्याची जागा त्याहून मोठी आहे.

एसी चार्जर, म्हणजे स्कूटरसाठी किंवा सोसायटीत लावतात तो, साधा असतो. ग्रीडमधून आली ती एसी वीज जवळपास तशीच गाडीत जाते. तिचं बॅटरीला लागणाऱ्या डीसीत रूपांतर करणारं यंत्र गाडीतच असतं आणि तिथली घट गाडीवाल्याच्या पदरात पडते. यात वाद नाही. डीसी फास्ट चार्जरमध्ये मात्र हे रूपांतर चार्जरच्या कपाटात होतं. शंभर युनिट आत गेली की सगळीच्या सगळी गनपर्यंत पोचत नाहीत. चांगल्या यंत्रातही पाच-सात टक्के वीज उष्णता होऊन जाते. ती उष्णता बाहेर फेकणारे पंखे, स्क्रीन आणि संपर्काची यंत्रणा यांनाही वीज लागते ती वेगळीच. मीटर एसी बाजूला, म्हणजे यंत्राच्या आधी बसवलं, तर या सगळ्याचे पैसे युनिटच्या नावाखाली ग्राहक देतो. गाडीत न गेलेली वीज त्याला विकली जाते.

चालकाच्या बाजूनेही कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. एसी मीटर स्वस्त आहेत, दशकानुदशकं तपासलेले आहेत, बाजारात सहज मिळतात. शेकडो अँपिअरची डीसी वीज अचूक मोजणारं मीटर महाग आहे आणि त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानकही, आयईसी ६२०५३-४१, २०२१ चं आहे. पण म्हणून चुकीच्या जागी मोजावं हे पटत नाही. घट भरून काढण्यासाठी चालकाने दर खुशाल वाढवावा. दर फलकावर दिसतो, शेजारच्या चार्जरच्या दराशी त्याची तुलना करता येते. मापात मिसळलेली घट कुठेच दिसत नाही. शिवाय जुनाट, गळकं यंत्र वापरणाऱ्याला आज त्याची शिक्षाच होत नाही, कारण वाया गेलेल्या विजेचं बिल ग्राहक भरतो. गनपाशी मोजा म्हटलं की चांगलं यंत्र घेणाऱ्याचा फायदा होऊ लागेल. नियमात एक वाक्य असलं तरी चालेल, पण ते असं हवं: मोजणी चार्जरमधून बाहेर पडणाऱ्या, गाडीला मिळणाऱ्या विजेची असेल.

गाडीवाल्यांनीही एक गैरसमज सोडला पाहिजे. चार्जर ३० युनिट म्हणाला आणि गाडीच्या पडद्यावर २७ च बॅटरीत दिसली, म्हणजे फसवणूक झालीच असं नाही. गाडी चार्ज होत असताना बॅटरी थंड ठेवण्याची यंत्रणा वीज घेते, बॅटरीच्या आतही थोडी उष्णता होते, आणि पडद्यावरची टक्केवारी हा गाडीच्या संगणकाचा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. अशा अंदाजावर तक्रारी आल्या तर खऱ्या तक्रारीही त्यात बुडतात. तक्रारीला आधार द्यायचा असेल तर तटस्थ, शिक्क्याचं माप लागतं. प्रामाणिक चालकालाही त्याचीच गरज आहे, कारण आज त्याच्यावर आरोप झाला तर आपलं मीटर बरोबर आहे हे सिद्ध करायचं साधन त्याच्याकडेही नसतं.

अचूकतेची परीक्षा कशी घ्यायची, यातही खाचाखोचा आहेत. ऐंशी टक्क्यांनंतर गाडी प्रवाह कमी करत जाते. २०० अँपिअर मोजायला बनवलेला सेन्सर १५ अँपिअरवर तितकाच अचूक असेल असं धरून चालता येत नाही, म्हणून परीक्षा कमी भारावर आणि जास्त भारावर, दोन्हीकडे व्हायला हवी. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात तापलेल्या कपाटात त्याहून बराच जास्त. प्रयोगशाळेच्या गारव्यात पास झालेलं मीटर तिथे कसं वागतं हे तपासलं नाही तर विदर्भातल्या गाडीवाल्याला त्या प्रमाणपत्राचा काय उपयोग? स्कूटरवाल्याचा प्रश्न आणखी वेगळा. त्याची सगळी भरणा दोन-तीन युनिटांची. तिथे आकडा दशांशाशिवाय दाखवला किंवा वरच्या पूर्णांकाला नेला, तर टक्केवारीचे सगळे नियम पाळूनही त्याची लूट होऊ शकते.

इतर देशांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे, विशेषतः जर्मनीने. तिथला मापनाचा नवा कायदा १ जानेवारी २०१५ पासून लागू झाला आणि चार्जर त्याच्या कक्षेत आले. जर्मन यंत्रणेने फक्त मीटरच्या अचूकतेवर समाधान मानलं नाही. प्रत्येक भरणीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा मीटरने स्वतःच्या डिजिटल सहीसह द्यायचा आणि ग्राहकाला ती सही मोफत सॉफ्टवेअरमध्ये तपासता यायला हवी, अशी व्यवस्था तिथे उभी राहिली. म्हणजे आकडा मीटरमधून निघाल्यावर वाटेत कोणी बदलला तर सही जुळत नाही. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. पण त्याच जर्मनीत डीसीसाठी प्रमाणित मीटर वेळेवर उपलब्धच नव्हते, आणि फास्ट चार्जरवाल्यांना मार्च २०१९ अखेरपर्यंत मुदत द्यावी लागली. कायदा पुढे आणि यंत्र मागे राहिलं की दोघांचीही बेअब्रू होते. आपण हा धडा फुकटात घ्यावा.

अमेरिकेत वजनमापांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१५ मध्ये चार्जरसाठी तात्पुरती नियमावली स्वीकारली आणि २०२३ पासून ती कायम झाली. नव्या यंत्राला १ टक्का आणि वापरातल्या यंत्राला २ टक्के एवढी चूक तिथे मान्य आहे. मात्र २०२५ पूर्वी बसवलेल्या डीसी चार्जरना ५ टक्क्यांपर्यंत सूट द्यावी लागली, कारण ते बसूनच गेले होते. कॅलिफोर्नियाने आपली वाट वेगळी आखली. २०२१ पासून बसवलेल्या एसी आणि २०२३ पासून बसवलेल्या डीसी चार्जरना नियम लागू केले, आणि आधीच्या यंत्रांना अनुक्रमे २०३१ आणि २०३३ पर्यंत अवधी दिला. दहा-दहा वर्षांची ही सवलत उशिरा जागं झाल्याची किंमत आहे. युरोपीय संघात एप्रिल २०२४ पासून नव्या ५० किलोवॉट आणि त्यापुढच्या सार्वजनिक चार्जरवर आधी नोंदणी न करता आलेल्या ग्राहकाला दर युनिटप्रमाणेच लावावा लागतो. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेने २०२२ मध्ये चार्जरसाठी मार्गदर्शिका काढली, आणि भारत त्या संघटनेचा सदस्य आहे. इतकंच नव्हे, २०२३ पासून त्या संघटनेची नमुना-मंजुरी प्रमाणपत्रं देण्याचा अधिकारही भारताकडे आहे. जगाच्या मापनयंत्रांना प्रमाणपत्र देऊ शकणाऱ्या देशाने स्वतःच्या हायवेवरच्या चार्जरसाठी नियम लिहिण्यात मागे राहू नये.

डिजिटल सहीचा आग्रह मी का धरतो, त्याचं कारण परदेशात नाही, ठाण्यात आहे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात पेट्रोल पंपांतल्या चिपचा घोटाळा उघडकीस आला आणि त्याच वर्षी ठाणे गुन्हे शाखेने महाराष्ट्रातल्या पंपांवर छापे घातले. त्या प्रकरणांत माप मोजणारा लोखंडी भाग ठीकच होता. फेरफार होता तो मापाचे सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या पल्सरमध्ये आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये. पंपात ही वाट हातभर लांबीची असते. चार्जरमध्ये आकडा मीटरमधून कंट्रोलरकडे, तिथून इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे आणि मग तुमच्या मोबाइलवर येतो. सर्व्हर कुठल्या शहरात आहे हेही आपल्याला माहीत नसतं. इतक्या लांबच्या वाटेवर शिशाची सील फक्त मीटरच्या डबीला मारून भागणार नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदलेली हवी, ती बदलली की पुन्हा पडताळणी हवी, आणि पावतीवरचा आकडा मीटरचाच आहे हे ग्राहकाला घरी बसून तपासता यायला हवं.

निरीक्षकांच्या अडचणीही खऱ्या आहेत. पेट्रोल मापायला पाच लिटरचं माप पुरतं आणि मापलेलं पेट्रोल परत टाकीत ओतता येतं. ६० किलोवॉटच्या चार्जरची वीज मापायची तर ती कुठेतरी खर्च व्हायला हवी. त्यासाठी लोड बँक लागते, ती टेम्पोतून न्यावी लागते, आणि चाचणीभर ती भट्टीसारखी तापते. दुसरा मार्ग हलका आहे. गन आणि गाडी यांच्यामध्ये प्रमाणित संदर्भ मीटर बसवायचं आणि रिकामी होत आलेली इलेक्ट्रिक गाडीच भार म्हणून वापरायची. परदेशात दोन्ही पद्धती चालतात. आपल्या जिल्हा कार्यालयांत आज असलेली माणसं आणि साधनं पाहता दुसरा मार्ग व्यवहार्य वाटतो. वैधमापन कायद्यात सरकारमान्य चाचणी केंद्रांचीही तरतूद आहे. पुण्यात एआरएआयसारखी, गाड्या आणि चार्जर दोन्हींची चाचणी करणारी संस्था असताना प्रशिक्षणासाठी लांब जायला नको. विभागीय पातळीवर एक-एक संदर्भ संच घेतला तरी सुरुवात होते.

"आधी चार्जर तर लागू द्या, नियमांचा बडगा मग उगारा" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यात वाईट हेतूने बोलणारे थोडेच असतात. त्यांची भीती अशी की छोटा चालक या खर्चाने मागे सरेल. मला ही भीती अनाठायी वाटते, कारण नमुना-मंजुरीचा खर्च यंत्र बनवणाऱ्यावर पडतो आणि तो हजारो यंत्रांत विभागला जातो. चालकावर पडते ती ठरावीक मुदतीची पडताळणी फी, जी किराणा दुकानदारही भरतो. काट्यांच्या बाबतीत कायदा तारतम्य जाणतो. सोनाराच्या काट्याला वेगळा अचूकता वर्ग आणि भाजीच्या काट्याला वेगळा. तसंच इथेही करता येईल. फास्ट चार्जरला कडक मर्यादा, सोसायटीतल्या सामायिक प्लगला थोडी सैल. स्पर्धा हे सगळं आपोआप सुधारेल या युक्तिवादात मात्र मला काहीच तथ्य दिसत नाही. बॅटरीत आठ टक्के उरलेली असताना घाटाखाली असलेल्या एकमेव चार्जरपाशी कसली स्पर्धा? आणि चुकीचं माप ग्राहकाच्या लक्षातच येत नसेल तर तो दुसरीकडे जाणार तरी कशावरून?

वजनमापांचं प्रमाण ठरवणं केंद्राकडे आणि अंमलबजावणी राज्याकडे अशी आपली वाटणी आहे. केंद्राने चार्जरसाठी तपशील लिहावा: मोजणी गनपाशी, नव्या यंत्राला १ टक्का, वापरातल्याला २ टक्के, सही केलेला आकडा, आणि जुन्या यंत्रांना तीन वर्षांची मुदत. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंग स्टेशनांसाठी २,००० कोटी रुपये ठेवले आहेत. त्या पैशातून बसणाऱ्या प्रत्येक चार्जरला ही अट आजच घालता येईल, त्यासाठी नियमावलीची वाट पाहायला नको.

केंद्राचा कागद हलेपर्यंत महाराष्ट्राने हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. एक तपासणी अशी आहे की तिला नवं यंत्रही लागत नाही. प्रत्येक चार्जिंग स्टेशनच्या फाटकाशी महावितरणचं, किंवा मुंबईत दुसऱ्या वितरण कंपनीचं, प्रमाणित मीटर आहेच. त्या मीटरमधून महिन्यात किती युनिट आत गेली आणि चालकाने ग्राहकांना मिळून किती युनिटांची बिलं लावली, हे दोन आकडे शेजारी मांडायचे. डीसी स्टेशनवर विकलेली युनिट आत आलेल्या युनिटांपेक्षा काही टक्क्यांनी कमीच भरायला हवीत. दोन्ही आकडे सारखे निघाले तर मोजणी एसी बाजूला होते आहे हे कळतं. विकलेली जास्त निघाली आणि छतावर सौर पॅनेल नसतील, तर निरीक्षकाने कुठे जायचं हे ठरलं. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणाखाली सवलत घेणाऱ्या स्टेशनांकडून हे दोन आकडे दर तिमाहीला मागवावेत आणि वैधमापन विभागाच्या संकेतस्थळावर स्टेशनवार लावावेत. सुरुवात समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून करावी, कारण तिथे अडलेल्या गाडीवाल्याला दुसरा चार्जर शोधत फिरण्याची सोय सगळ्यात कमी असते.